दोन तास कुठून मोजायचे

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाला मी नव्हते. हे वाक्य आता मी न अडखळता बोलू शकते. सुरुवातीला कुणी विचारलं की मी दिल्लीच्या धुक्याचं सांगायचे आणि ऐकणारे मान हलवायचे. धुक्यापुढे कोण काय करणार? पण ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं सांगायला वेळ लागतो, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

लग्न रजिस्टर पद्धतीनं होतं, दिल्लीत. मुलगी तिथे नोकरी करते. तिनं निवडलेला मुलगा केरळचा. दोघांनाही हॉल, जेवणावळी, मिरवणूक यातलं काही नको होतं. नोटीस देऊन महिना झाला आणि ऑफिसनं जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी चारची वेळ दिली. मुलाचे आईवडील येणार होते आणि आमच्याकडून मी आणि माझे वडील. आमच्या बाजूला आणखी कुणी नव्हतंच. मुलगी सहा वर्षांची असताना तिचे बाबा गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा मनमाड स्टेशनवर सहायक स्टेशन मास्तर होते. मी तिला घेऊन त्यांच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले. अण्णा निवृत्त झाल्यावर आम्ही तिघं नाशिकला गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये आलो, कारण मला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली होती. तिचे पाढे, तिची सायकल, दहावीच्या पेपरांना शाळेबाहेर झाडाखाली बसून राहणं, हे सगळं अण्णांनी केलं. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यातली पहिली सही आजोबांची, हे तिनं बहुधा मुलगा पसंत करायच्या आधीच ठरवलं होतं.

अण्णांचं म्हणणं होतं की रेल्वेनं जाऊ, दोन दिवस आधी निघू. मी नाही म्हटलं. सोमवारी दहावीच्या पूर्वपरीक्षेत माझ्याच विषयाचा पेपर होता आणि रजा मिळणार नव्हती. मंगळवारी सकाळी १०.४० ला ओझरहून विमान होतं, पावणेएकला दिल्ली.

“जानेवारी आहे,” अण्णा म्हणाले.

“रेल्वेला काय वेगळा जानेवारी असतो का?” मी म्हटलं आणि तिकिटं काढली.

अण्णांचं वय शहात्तर. विमानाचा हा त्यांचा पहिला प्रवास. आदल्या दिवशी त्यांनी सदरा-कोट इस्त्री करून घेतला आणि कोटाच्या खिशात शाईचं पेन ठेवलं. सरकारी दप्तरातली सही बॉलपेननं करायची नाही, असं त्यांचं मत आहे.

नऊच्या सुमाराला आम्ही ओझरला पोचलो. सामान दिलं, तपासणी झाली, आत येऊन बसलो. ओझरचं विमानतळ लहान आहे. एक नजर टाकली की सगळं दिसतं, त्यामुळे अण्णांना ते आवडलं. बाहेर लख्ख ऊन होतं. दहाला दहा कमी असताना फोनवर मेसेज आला, विमान ११.२० ला सुटेल. अण्णांनी बोर्डिंग पासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडा लिहिला आणि त्याच्यापुढे मेसेज आल्याची वेळ लिहिली. नोकरीतली सवय.

अकरा वाजून पाच मिनिटांनी माइकवरून सांगितलं, बारा वाजता. अण्णांनी तेही लिहिलं.

साडेअकराला मुलीचा फोन आला. ती लग्नाच्या ऑफिसातच होती, कागद पुन्हा एकदा तपासून घ्यायला गेली होती.

“आई, इथले क्लार्क म्हणतायत, उद्या सकाळी अकराची वेळ रिकामी झालीय. एकच्या आत सांगितलं तर ते बदलून देतील. याच्या आईबाबांची गाडी उद्या दुपारची आहे, त्यांनाही चालेल. काय करू?”

मी फोन कानाला लावूनच विमान कंपनीच्या काउंटरवर गेले. तिथे निळ्या गणवेशातली एक मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल. मी विचारलं, “बारा वाजता नक्की निघेल ना? मला चारच्या आत दिल्लीत एका ऑफिसात पोचायचंय.”

“हो मॅडम, बाराचं टायमिंग आलंय.”

“नक्की?”

“सिस्टीमला तेच दाखवतंय, मॅडम.”

मी मुलीला सांगितलं, नको बदलूस, येतोय आम्ही. हे वाक्य माझं. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही. तिनं हो म्हणून फोन ठेवला.

बाराला दहा कमी असताना बाराचे पावणेएक झाले. साडेबाराला दीड झाले. लोक आता उठून काउंटरपाशी जायला लागले होते. विमान येताना दिसत नाही आणि जायची वेळ मात्र दर थोड्या वेळानं नवीन मिळते, अशी अवस्था. आमच्या शेजारच्या खुर्चीवर दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार होते. चाळिशीचे, पांढरा शर्ट, हातात मोठा फोन. दिल्लीला शेतीच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं, तिकडे निघाले होते. सकाळपासून ते फोनवर मजुरांना छाटणीबद्दल सूचना देत होते. ते एकदम अण्णांकडे वळले.

“बाबा, हे बघा. ह्याच्यात जगातलं कुठलंबी विमान कुठंय ते दिसतं. आपल्याला घेऊन जाणारं विमान अजून दिल्लीतच उभं हाय. उडालंच नाय.”

अण्णांनी चष्मा चढवून पाहिलं. नकाशावर दिल्लीच्या जागी पिवळं विमान होतं, हालचाल नाही.

“तिथून इथे यायला किती वेळ?”

“दोन तास धरा.”

“म्हणजे आत्ता निघालं तरी पावणेतीन,” अण्णा म्हणाले. “आणि आपल्याला सांगतायत दीड.”

मी घड्याळ पाहिलं. एकला दहा कमी. मी मुलीला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लागला तेव्हा एक वाजून सात मिनिटं झाली होती. ती काउंटरकडे धावत गेल्याचं मला ऐकू आलं, क्लार्कशी बोलल्याचंही ऐकू आलं. मग ती म्हणाली, “आई, ती वेळ दुसऱ्यांना दिली.”

बागायतदार तोपर्यंत उभे राहिले होते आणि त्यांचा आवाज चढला होता. “लोकांना येड्यात काढायचं काम हाय हे! सकाळी सांगितलं असतं तर घरी जाऊन चार कामं केली असती!” आणखी पाचसहा जण त्यांच्या मागे गेले. काउंटरवरची मुलगी एकेकाला तेच उत्तर देत होती आणि तिचा चेहरा लाल होत चालला होता. अण्णा खुर्चीवरून सावकाश उठले आणि त्या घोळक्यात गेले. ते भांडतील अशी भीती मला वाटली नाही. मनमाडला त्यांची खिडकी अशीच घेरली जायची, ते मी लहानपणी पाहिलंय. मला वाटलं ते तिला सांभाळून घ्यायला चाललेत. तसं अगदीच नव्हतं.

“ताई,” ते म्हणाले, “विमानाला उशीर झाला की प्रवाशांना खायला-प्यायला द्यायचा सरकारी नियम आहे ना?”

“आहे सर. दोन तासांपेक्षा जास्त डिले असेल तर.”

“मग दोन तास झाले. दहा चाळीसचे बारा चाळीस होऊन गेले.”

“सर, सुधारित वेळ दीडची आहे. दीडपासून दोन तास धरतात.”

मला वाटतं, असं काही असू शकतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णा मात्र चिडले नाहीत. उलट त्यांना या मुद्द्यात रस वाटलेला मला दिसला.

“म्हणजे दर पाऊण तासानं तुम्ही वेळ पुढे ढकलली, तर दोन तास कधीच होणार नाहीत.”



बागायतदारांनी फोनवर तो नियम शोधून काढला होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात, पानंच्या पानं. त्यांनी फोन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तिथेच उभ्याउभ्या तो वाचला, बोटानं ओळी वर सरकवत. सगळे थांबले होते. रेल्वेत अडतीस वर्षं नियमांची पुस्तकं वाचलेला माणूस. कुठली ओळ सोडायची आणि कुठे थांबायचं ते त्यांना कळतं.

“हे बघा,” ते म्हणाले. “मूळ जाहीर केलेली वेळ किंवा सुधारित वेळ, असं आहे. म्हणजे तुमचं अगदीच चूक नाही. पण ‘किंवा’ आहे. सुधारित वेळ माणूस घरी असताना कळवली, तो त्या वेळेला आला, तर तिथून मोजा. आम्ही मूळ वेळेला येऊन, सामान देऊन बसलोय. आमचं घड्याळ दहा चाळीसला सुरू झालं.”

“सर, मला पटतंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “पण मी माझ्या अधिकारात खाणं मागवू शकत नाही. वरून मंजुरी लागते. मी दोनदा फोन केला. ते म्हणतात, सुधारित वेळ दाखव.”

अण्णा म्हणाले, “मग मी लेखी देतो. म्हणजे तुमच्या हातात वर दाखवायला काहीतरी येईल.”

त्यांनी माझ्या वहीतलं पान फाडलं आणि शाईच्या पेनानं अर्ज लिहिला. विमानाची मूळ वेळ, आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या वेळा, त्या किती वाजता सांगितल्या ते, नियमातला तो मुद्दा, आणि शेवटी एकच मागणी: प्रवाशांमध्ये वृद्ध आणि मधुमेही आहेत, जेवणाची सोय तत्काळ व्हावी. खाली सही केली. बागायतदारांनी सही केली. मग रांगच लागली. त्या मुलीनं कागदाचा फोटो काढून वर पाठवला आणि फोन केला. ती फोनवर म्हणाली ते मी ऐकलं: “सर, पॅसेंजर लेखी मागतायत. माझ्यापाशी रिसीव्ह्डची सही मागतायत. मी काय करू?”

अण्णांनी रिसीव्ह्डची सही मागितली नव्हती. ते तिनं आपल्या मनानं घातलं. पंचवीस मिनिटांनी उपम्याचे डबे, ज्यूस आणि पाण्याच्या बाटल्या आल्या. पहिला डबा अण्णांनी तिलाच दिला. तिनं सकाळी सहापासून काही खाल्लं नव्हतं.

डबा खाताना मी अण्णांना म्हटलं, “पोरीला कशाला बोलायला लावलंत? तिच्या हातात काय आहे?”

“तिच्या हातात काही नाही, म्हणूनच नियम लागतो,” ते म्हणाले. “खिडकीत बसलेला माणूस आपल्या तोंडानं वरच्याशी भांडू शकत नाही. कागद भांडतो. मी बसलोय त्या खिडकीत.”

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर ऐकली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तेही असंच करायचे. गाड्यांच्या कंट्रोल रूममधून सांगायचे, अर्धा तास लेट लिहा. गाडी दोन तासांत येत नाही हे दोघांनाही माहीत असायचं. पण एकदम मोठा आकडा लिहिला की लोक स्टेशन मास्तरच्या खोलीत घुसायचे, म्हणून हप्त्याहप्त्यानं सांगायचं. एकदा एक बाई, नवरा आजारी, त्याला घेऊन नांदेडच्या बाजूला निघालेली. अर्धा तास, अर्धा तास करत ती चार तास बाकावर बसून राहिली. नुसतं खरं सांगितलं असतं तर ती बसनं गेली असती, बसस्टँड दहा मिनिटांवर होतं. त्या दिवसानंतर अण्णांनी फळ्यावर किती लेट हे लिहिणं बंद केलं. ते खडूनं लिहायचे, गाडी भुसावळहून सुटली, इतके वाजून इतकी मिनिटं. पुढचा हिशेब लोक आपापला करायचे. साहेबांनी एकदोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

“त्या माणसाचं काय झालं?” मी विचारलं.

“माहीत नाही,” अण्णा म्हणाले. “आपल्याला कधी कळत नाही.”

दोन वाजता मुलीचा पुन्हा फोन आला. तोपर्यंत पिवळं विमान दिल्लीहून निघालं होतं. फोन मी स्पीकरवर टाकला.

“आजोबा, मी आज करत नाही,” ती म्हणाली. “मी याला सांगितलं, पुढची तारीख घेऊ.”

“पुढची तारीख कधीची?”

“तीन आठवड्यांनंतरची.”

“त्याचे आईवडील?”

मुलाच्या वडिलांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं होतं आणि ते दोन दिवसांचा रेल्वेप्रवास करून आले होते. पुन्हा येणं शक्य नव्हतं.

“आजोबा, तुम्ही एकदा गाडी थांबवली होती ना,” ती म्हणाली. “ती पॅसेंजर. मागची एक्स्प्रेस लेट होती, तिच्यातल्या लोकांना पॅसेंजर मिळावी म्हणून तुम्ही वीस मिनिटं धरून ठेवली होती. तुम्हीच सांगायचात. मग मी पण थांबते.”

अण्णांनी हातातला डबा बाजूला ठेवला.

“तेव्हा मला माहीत होतं बाळा, मागची गाडी किती वाजता येतेय,” ते म्हणाले. “आत्ता मला कुणी सांगू शकत नाही. विमान तीनला येईल, पण निघेल कधी ते माहीत नाही. न कळणाऱ्या वेळेसाठी कुणाला उभं करायचं नसतं. तू चार वाजता सही कर.”

“आणि तुमची सही?”

“माझी सही काय, बँकेत करतोच की मी दर महिन्याला.”

ती रडत होती. मीही. अण्णांनी मला फोन दिला आणि ते उठून बाटलीत पाणी भरायला गेले. बाटली भरलेलीच होती.

तीनच्या सुमाराला विमान उतरलं. साडेतीनला आम्हाला आत बसवलं आणि चारला दहा कमी असताना दार लागलं. मग वैमानिकानं सांगितलं की दिल्लीला उतरायला गर्दी आहे, तिकडून परवानगी येईपर्यंत आपण इथेच थांबू. अण्णांनी तेही लिहिलं.

चार वाजता मुलीचा व्हिडिओ कॉल आला. हवाई सुंदरी नेमकी शेजारी होती. तिनं फोन बंद करायला सांगितलं. मी म्हटलं, “माझ्या मुलीचं लग्न लागतंय.” ती वाकून फोनकडे पाहत राहिली. टेबल, टेबलामागे अधिकारी, आणि माझी मुलगी, माझीच जांभळी पैठणी नेसलेली, निऱ्या थोड्या वर गेलेल्या. हवाई सुंदरी पुढे जाऊन कुणाशी तरी बोलली आणि परत आली. “अजून निदान अर्धा तास आपण हलत नाही. मी सांगेन तेव्हा मात्र लगेच बंद करा.”

बागायतदार विमानातही आमच्या दोघांच्या मधल्या सीटवर आले होते; त्यांनी हात लांब करून फोन धरला, म्हणजे मला आणि अण्णांना दोघांना दिसेल असा. अधिकारी वाचत होते. तिनं हिंदीतून म्हटलं की मी याला पती म्हणून स्वीकारते, तेवढं स्पष्ट ऐकू आलं. मग ती सही करायला वाकली आणि चित्र थिजलं. पडद्यावर तिचा वाकलेला खांदा आणि भिंतीवरच्या पंख्याचं एक पातं. ते किती वेळ तसं होतं मला सांगता येणार नाही. परत चालू झालं तेव्हा सगळे हसत होते आणि कुणीतरी कुणाच्या तोंडात पेढा घालत होतं.

“झालं, आजोबा!”

“शाईनं केलीस ना?”

“नाही हो, त्यांच्याकडे बॉलपेनच होतं.”

अण्णांच्या जागी सही केली ती तिच्या घरमालकिणीनं. त्या बाई पेढे घेऊन नुसत्या बघायला आल्या होत्या. येताना बँकेत जाऊन आल्या म्हणून ओळखपत्र पर्समध्ये होतं, म्हणून साक्षीदार होता आलं.

पाच वाजून पाच मिनिटांनी विमान उडालं. मूळ वेळेपासून सहा तास पंचवीस मिनिटं. बागायतदार म्हणाले, “बाबा, त्या नियमात सहा तासांवर उशीर होणार असला तर दुसरं विमान नायतर तिकिटाचे पैसे परत, असं हाय. आपल्याला कुणी इचारलंच नाय.”

“विचारणार कसं,” अण्णा म्हणाले. “त्यांच्या हिशेबात उशीर कधी पाऊण तासाच्या वर गेलाच नाही.” मग ते खिडकीकडे वळले आणि ढग पाहत बसले. पहिलाच प्रवास होता.

रात्री मुलीच्या घरी आम्ही सगळे जेवलो. व्याही बोलके होते, विहीणबाईंना हिंदी कमी येत होतं पण त्या माझा हात धरून बसल्या. मुलगी आणि मी स्वयंपाकघरात दोघीच असताना मी तिला म्हटलं, “उद्याची वेळ घे असं मी सांगायला हवं होतं. मीच नको म्हटलं.”

ती ताटं पुसत होती. “मी तुला विचारलं, तू त्यांना विचारलंस,” ती म्हणाली. “त्यांनी तुला जे सांगितलं ते तू मला सांगितलंस. यात तुझं काय?”

तिनं मला इतक्या सहज सोडलं हे मला बरं वाटलं नाही.

नाशिकला परतल्यावर अण्णांनी तक्रार करायचं ठरवलं. हवाई प्रवाशांच्या तक्रारींसाठी सरकारची वेबसाइट आहे. अण्णा सांगत, मी टाइप करत असे. आपली तक्रार कशाबद्दल आहे, हे तिथे आधी ठरावीक पर्यायांतून निवडायचं असतं. आम्ही ‘उशीर’ निवडलं. अण्णा म्हणाले, हे बरोबर नाही, उशिराबद्दल माझी तक्रारच नाही, पण दुसरं काही जुळत नव्हतं. लग्नाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहू दिलं नाही. “ते आपलं खासगी आहे. आणि लग्न असो की प्रदर्शन, नियम एकच.”

विमान कंपनीचं पहिलं उत्तर आठवड्याभरात आलं. दिल्लीत धुकं होतं, धुकं कंपनीच्या हाताबाहेरचं, त्यामुळे भरपाई लागू नाही, तरी सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासात सवलतीचं कूपन. अण्णांनी कूपन नाकारलं आणि उत्तर लिहिलं. मला ते जवळजवळ पाठ आहे. धुक्याबद्दल मी काही विचारलेलं नाही. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी तुम्ही बारा वाजता सुटेल असं जाहीर केलंत, तेव्हा विमान दिल्लीतच उभं होतं आणि हे तुम्हाला माहीत होतं. प्रवाशांना खरी माहिती वेळच्या वेळी द्यायची, असं सरकारनं तुम्हाला सांगितलेलं आहे. ती दिली असती तर प्रवासी आपला निर्णय आपण घेऊ शकले असते. एवढंच कबूल करावं. आणि शेवटी एक ओळ, काउंटरवरील कर्मचारी मुलीनं तिच्या अधिकारात होतं ते सर्व केलं, तिला दोष लावू नये.

यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. वेबसाइटवर तक्रार ‘प्रलंबित’ दिसायची. अण्णा रोज सकाळी चहाच्या वेळी विचारायचे, “बघितलंस?” मला कधीकधी कंटाळा यायचा. मार्चमध्ये दुसरं उत्तर आलं. या वेळी खाली एका माणसाची सही होती आणि भाषा साधी होती. त्या दिवशी प्रवाशांना टप्प्याटप्प्यानं दिलेल्या वेळा प्रत्यक्ष परिस्थितीशी जुळत नव्हत्या, हे मान्य आहे. येणारं विमान मागच्या ठिकाणाहून निघालं आहे की नाही, हे यापुढे प्रवाशांना सांगावं अशी सूचना नाशिकच्या कर्मचाऱ्यांना दिली आहे.

अण्णांनी ते दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं ते खूश होतील. ते म्हणाले, “सूचना दिली म्हणतात. पाळतात का ते बघायला हवं.” पण त्या दिवशी त्यांनी पत्राची प्रत काढायला लावली आणि फाइलला लावली.

मे महिन्यात मुलगी आणि जावई आठवडाभर राहायला आले. सोबत लग्नाचा दाखला आणला होता, माझ्या कपाटात ठेवायला. अण्णांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत वाचला, साक्षीदारांच्या तीन नावांपाशी थोडे थांबले, आणि मुलीकडे घरमालकिणीचा नंबर मागितला. मग गॅलरीत जाऊन त्यांना फोन लावला. त्यांची हिंदी स्टेशनवरची आहे, जरा घोषणा केल्यासारखी. त्यांनी सांगितलं की मी मुलीचा आजोबा, माझ्या ऐवजी आपण सही केलीत, त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. पलीकडून त्या बराच वेळ बोलत होत्या. अण्णा मधूनमधून “जी, जी” म्हणत होते.

आत आल्यावर मी विचारलं, “काय म्हणाल्या?”

“त्या म्हणाल्या, सही करताना हात कापत होता. दुसऱ्याची जागा आहे म्हणून.” अण्णा खुर्चीवर बसले. “मी म्हटलं, अक्षर चांगलं आलंय.”

आता त्यांचं अधूनमधून बोलणं होतं. त्या तिकडच्या धुक्याचं सांगतात, अण्णा इकडच्या पाणीपुरवठ्याचं. त्या त्र्यंबकेश्वरला यायचं म्हणतायत. अण्णांनी त्यांना रेल्वेची गाडी सुचवली आहे आणि विमानाचं विचारलं तर तेही चांगलं आहे, असं सांगितलं आहे.